डचेसची ऊब

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या समुद्रधक्क्यावरल्या नाट्यगृहात विनी एंटविसल अजगर गळ्यात घालून नाचायची. अजगराचं नाव डचेस. प्रवेशाआधी तिची पेटी मागच्या दारात, समुद्राच्या वाऱ्यात ठेवायची, ही त्या धंद्यातली जुनी रीत. गारठलेला साप सुस्त होतो, रेशमी शालीसारखा अंगावर पडून राहतो. प्रेक्षकांना वाटे, काय माया आहे दोघींची. पुढेपुढे विनीलाही तसंच वाटू लागलं.

खेळांचा उन्हाळी हंगाम संपला आणि डचेसनं खाणं सोडलं.

"रुसलीय," विनी म्हणाली. "टाळ्या नाहीत ना आता."

"सापाला कुठल्या ऐकू येतात टाळ्या? रुसलीयस तू," तिच्याकडे भाड्यानं राहणारा पियानोवाला क्लिफर्ड म्हणाला.

मग एका सकाळी डचेसचे ओठ मिटेनात. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

जनावरांचे डॉक्टर पार्जिटर यांनी तिचा जबडा हलकेच उघडला. हिरड्यांवर लाल ठिपके, कडेला फाटलेल्या दुधासारखा घट्ट पिवळा पू.

"हिला गारठा लागला होता का?"

"छे. लेकीसारखी जपते मी तिला."

"नीट आठवा, मिसेस एंटविसल. गारठ्यानं अंगातली रोगाशी झगडायची ताकद गेली असेल, तर आधी ऊब द्यायला हवी. नुसत्या इंजेक्शनांनी ही वाचायची नाही."

विनीनं डचेसकडे पाहिलं. डचेस तिच्याच मनगटाला विळखा घालून होती, ऊब शोधत.

"रोज लागायचा," ती म्हणाली. "प्रत्येक खेळाआधी. मीच ठेवायची बाहेर."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जंतुनाशक पातळ करून कापसानं हिरड्या पुसायला शिकवलं.

गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात उबेला ठेवलेले टॉवेल विनीनं बाहेर काढले आणि तिथे डचेसची पेटी ठेवली.

"माझा टॉवेल बर्फ झालाय," क्लिफर्ड कुरकुरला.

"होऊ दे."

रोज ती डचेसचं तोंड पुसायची आणि दर वेळी माफी मागायची. डचेसला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हळूहळू हिरड्या स्वच्छ झाल्या, ओठ मिटले. एका दुपारी तिनं उंदीर गिळला, तेव्हा विनी कपाटापाशी खाली बसून रडली.

नाताळच्या खेळासाठी नाट्यगृहाचा मॅनेजर स्वतः घरी आला. "तीच जुनी रीत, विनी. पाच मिनिटं दाराबाहेर, की गप्प पडते."

विनीनं घराचं दार सताड उघडलं. बाहेर समुद्राचा वारा घोंघावत होता.

"आधी तू उभा राहा," ती म्हणाली. "कोट काढून."