पिंजऱ्याची कडी

जव्हारहून मोखाड्याला येणाऱ्या जीपमध्ये माझ्या मांडीवर पिल्लासाठी घेतलेला लोखंडी पिंजरा होता. शेजारी पोशेऱ्याचे एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांचा अंगठा सारखा पिंजऱ्याच्या कडीशी चाळा करत होता. उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची.

“कोंबड्यांना का?”

“नाही, कुत्र्याला. मी दिवसभर ऑफिसात, घरात दुसरं कोणी नाही. कोंडलं की वायरी चावत नाही, घाण करत नाही. शहाणं होतं.”

“व्हतो शाणा,” बाबा म्हणाले. “आमचा पण झाला.”

एका दिवाळीनंतर त्यांच्या घरची सगळी माणसं वीटभट्टीवर निघाली. कुत्रा ट्रकमागे धावू नये म्हणून बाबांनी त्याला घरात कोंडलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीने सोडलं, पुढे सहा महिने खाऊही घातलं. बाबा परतले तेव्हा कुत्रा शेपटी हलवत आला, पण उंबऱ्याशीच थांबला. आता धो धो पावसातही तो घरात पाऊल टाकत नाही.

“कोंडा खुशाल,” मोखाड्याला उतरताना बाबा म्हणाले, “पण ज्यानं कोंडला त्यानंच सोडायला पायजे.”

ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

ऑफिस सुटलं की मी कुठेही न रेंगाळता खोलीवर येतो. आधी दाराचं कुलूप, मग पिंजऱ्याची कडी. या गावात माझी वाट पाहणारं एवढं एकच कुणी आहे, आणि त्यालाही रोज सकाळी मीच कोंडून जातो.