शॉर्ट एक्स्पायरीचं कॉलेज

"शेठ, पगार वाढवा, नाहीतर सर्टिफिकेट काढून नेतो," असं बावनकर म्हणाले, तेव्हा ते माझ्या खुर्चीवर, माझ्या पंख्याखाली बसून माझाच पेपर वाचत होते.

बावनकर आमच्या लाखांदूरच्या मेडिकलचे रजिस्टर्ड फार्मासिस्ट. औषधाच्या दुकानाला लायसन्स हवं असेल तर असा एक माणूस दाखवावा लागतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध त्याच्या देखरेखीखाली द्यायचं आणि त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगायचं, असा कायदा. आमच्याकडे सर्टिफिकेट रोज हजर असायचं. बावनकर कोंढ्याहून एसटीनं यायचे, तेही बाजाराच्या दिवशी.

मी या धंद्यात बाटल्या धुण्यापासून आलो. पुढे कंपाउंडर झालो, मग स्वतःचं दुकान टाकलं. तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरचं अक्षर मला लागतं. पण नुसत्या अनुभवावर फार्मासिस्ट म्हणून नाव नोंदवता येत होतं, तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मुदत संपली होती. तो राग अजून गेलेला नाही. त्या दिवशी तो बावनकरांवर निघाला.

"दोन वर्षं वाढवून देतो," मी म्हणालो. "तोवर घरातच फार्मासिस्ट तयार करतो. मग ही फ्रेम काखेत घ्या अन् कोंढ्याले जा."

"चालते," बावनकर म्हणाले. "पण दोन वर्षांनंतर गरज पडली, तर दुप्पट."

रागात मी हो म्हणालो.

घरातला फार्मासिस्ट म्हणजे माझी धाकटी बहीण शोभा. ती नुकतीच बारावी सायन्स झाली होती. तिच्यापुढे दोन रस्ते होते. एक नागपूरची डिग्री. चार वर्षं, फी किरकोळ, तिचे मार्क पुरेसे. दुसरा एका संस्थेच्या नव्या कॉलेजातला डिप्लोमा. दोन वर्षं, पण देणगी जबर. शोभाला डिग्री हवी होती. आईचं म्हणणं, चार वर्षं शिकली की लगेच लग्न, म्हणजे सर्टिफिकेट जावयाच्या घरी जाणार. माझ्या डोळ्यांपुढे बावनकरांचं दुप्पट होतं. मी एकटाच जाऊन संस्थेच्या सचिवांना भेटलो.

कॉलेज एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये होतं. सचिवांनी आकडा सांगितला. मी उठलो. भाव करताना उठणं हे माझं मुख्य हत्यार. पहिल्यांदा उठलो तेव्हा त्यांनी होस्टेल माफ केलं. दुसऱ्यांदा पुस्तकं फुकट. तिसऱ्यांदा दारापर्यंत पोचलो, तर देणगी अर्ध्यावर आली. मी विसार देऊन मोकळा झालो. परतीच्या एसटीत मला कंडक्टरशीसुद्धा भांडावंसं वाटलं नाही.

शोभा दुकानात गोळ्यांचे डबे लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, मागच्या हप्त्यात तो एजंट खोकल्याचं औषध अर्ध्या भावात देऊन राहिला होता. तू काहून नाही घेतलं?"

"शॉर्ट एक्स्पायरी होती म्हणून." म्हणजे औषधाची मुदत संपत आली होती. असा माल एजंट हसत हसत स्वस्तात देतो आणि आपल्या कपाटात सडवतो. हे मीच तिला शिकवलं होतं.

"मग या कॉलेजवाल्यानं अर्ध्यात काहून देलं? फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे काय त्याले?"

मी तिच्यावर ओरडलो. पोरीच्या जातीनं देवाणघेवाणीत बोलू नये वगैरे बरंच बोललो. रात्रभर झोप मात्र लागली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं पुन्हा राइस मिल गाठली.

"मान्यता येऊन राहिली आहे," सचिव म्हणाले.

"कवा येते?"

"पोरगी पास होईपर्यंत येईनच ना. तुमाले शंका असन, तर आणखी थोडं कमी करून देतो."

मी उठलोही नव्हतो आणि भाव उतरला होता. मान्यता नसलेल्या कॉलेजातून पास झालं तर फार्मासिस्ट म्हणून नाव लागत नाही. भिंतीवर टांगायला कागद मिळतो, लायसन्स मिळत नाही. मी विसार परत मागितला. सचिव हात जोडून म्हणाले, देणगी म्हणजे दान, दान कुणी परत मागते काय. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. टेबलाचा पाय निखळला, पैसे निघाले नाहीत.

शोभा नागपूरला गेली. मी कोंढ्याला गेलो.

बावनकरांनी बसायला बाज दिली, चहा दिला. मी चार वर्षांचं सांगितलं. "शेवटची दोन दुप्पट," ते म्हणाले. मी उठलो. त्यांनी स्वतःचा चहा बशीत ओतला. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा त्यांनी आतून माझी छत्री आणून दिली. शेवटी मी दुप्पट कबूल केलं, पण दुप्पट लागू झाल्यावर त्यांनी रोज यायचं, ही अट घातली. तेवढंच पदरात पडलं.

शोभा डिग्री झाली. माझ्या काउंटरवर मात्र ती एक दिवसही बसली नाही. थोडी नोकरी करून ती औषधाची दुकानं तपासणारी ड्रग इन्स्पेक्टर झाली. डिप्लोमावर ते पद मिळत नाही. पोस्टिंग दुसऱ्या जिल्ह्यात मिळालं, एवढी देवाची कृपा.

पहिल्या दिवाळीत भाऊबीजेला आली, ती एसटीतून उतरून थेट दुकानात. आधी भिंतीवरची फ्रेम पाहिली, मग रिकामी खुर्ची.

"बावनकर काका कुठी आहेत?"

"चहा प्यायले गेले. आत्ता येतात. तू घरी चल, आई ओवाळणीचं ताट घेऊन बसली आहे."

"येऊ दे त्यायले. मी बसते."

बावनकर येईपर्यंत ती हलली नाही. मलाही चिठ्ठीवरचं एकही औषध देऊ दिलं नाही. दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. शेवटी बावनकर पान चघळत आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि माझा पेपर उघडला. मग कुठं माझी भाऊबीज झाली.

तेव्हापासून समोरचा भावात झटकन उतरला की मी खूश होत नाही. आधी बाटली फिरवून तारीख पाहतो. त्या राइस मिलमध्ये आता पुन्हा धान भरडतात. तिथून जाताना मी अजूनही एसटीच्या खिडकीतून सचिवांच्या नावानं माझा विसार मोठ्यानं मागतो.