पाडव्याला बदललेला पत्ता

पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग करणारं आमचं प्रेसशॉप चाकणला आणि घर रहाटणीला. गाडीच्या सीटखालचं एक ब्रॅकेट आम्ही वर्षानुवर्षं बनवत होतो, पण माल जायचा शेजारच्या गाळ्यातल्या मोठ्या कारखानदाराच्या नावाने. मधली मलई त्याची. त्या पाडव्याला पहिल्यांदाच गाडीच्या कंपनीकडून थेट ऑर्डर मिळण्याची आशा होती. शेवटचा दर भरायची लिंक दिवसभरात कधीही आमच्या वेबसाइटच्या नावाच्या मेलवर येणार होती आणि दर संध्याकाळच्या आत भरायचा होता. त्यांचं खरेदीचं ऑफिस दिल्लीकडे, त्यांना कुठली पाडव्याची सुट्टी!

आणि आमच्या यजमानांना नेमकी त्याच दिवशी नवी वेबसाइट चालू करायची होती.

"उद्या करा," मी म्हटलं. "आज मेल यायचाय."

"साडेतीन मुहूर्तांतला दिवस सोडून उद्या? आणि वेबसाइट वेगळी, मेल वेगळा. त्याचा काय संबंध?"

गुढी उभारली, नैवेद्य दाखवला. मग हिंजवडीत नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरांनी मुहूर्तावर साइट नव्या जागी हलवली. लॅपटॉपलाही हळदकुंकू लागलं.

श्रीखंडपुरी झाली तरी मेल नाही. एरवी कर्ज देणाऱ्यांच्या मेलची रीघ असते, तीही बंद. मी माझ्या खासगी मेलवरून एक ओळ पाठवून पाहिली. ती परत आली. मी दिरांना हाक मारली.

दिरांनी लॅपटॉप उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, नाव आपलंच आहे. पण त्या नावाचा पत्ता कुठे विचारायचा, ते मी सकाळी बदललं. वेबसाइटचा आणि मेलचा, दोन्ही पत्ते तिथेच लिहावे लागतात. मेलचा राहिला."

त्यांनी तो लगेच भरला. मी खासगी मेलवरून पुन्हा एक ओळ पाठवली, ती पोचली. यजमान म्हणाले, "झालं ना?"

मी दिल्लीला फोन लावला. तिथला अधिकारी म्हणाला, "मॅडम, मेल तो अभी भी वापस आ रहा है."

"सकाळी त्यांच्या सर्व्हरने विचारलं, तेव्हा मेलचा पत्ता नाही असं उत्तर मिळालं," दीर हळूच म्हणाले. "तुमच्या मेलवाल्यांनी लगेच पुन्हा विचारलं, पण हा आता काही तास तेच उत्तर धरून बसणार. मग पुन्हा विचारेल."

"त्याला आत्ताच विचारायला लावा की."

"ते आपल्या हातात नाही, वहिनी."

खासगी मेलवर पाठवा म्हणून मी त्या अधिकाऱ्याची विनवणी केली. नोंदवलेला पत्ताच चालतो, म्हणाला. यजमान दर मिनिटाला मोबाइल बघत होते. सूर्य कलला तशी त्यांनी गुढी उतरवली.

दिवेलागणीला मेल आला. लिंक उघडली, तर मुदत संपलेली.

पुढच्या आठवड्यात शेजारचा कारखानदार पेढे घेऊन आला. "घ्या वहिनी, आम्हाला मिळाली ऑर्डर. काळजी करू नका, काम तुमच्याकडेच देणार आहे. फक्त दराचं थोडं बघा."

मी पेढ्याला हात लावला नाही. यजमानांनी घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "बसा ना, चहा घेऊन जा."