गिरजाबाईची डहाळी

सकाळी साडेपाचला गिरजाबाई आमच्या व्याघ्रप्रकल्पाच्या बफरच्या गेटावर उभी असते. साडीवर खाकी सदरा, सदऱ्यावर गाईडचा बिल्ला. पर्यटक आला की ती म्हणते, "नमस्ते सर. खाली उतरायचं नाही, काही फेकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही." हे ती झोपेत बोलल्यासारखं बोलते. तीन वर्षांत मी तिचा आवाज वर गेलेला किंवा खाली आलेला ऐकला नाही.

तीन वर्षं म्हणजे तिचा नवरा इस्तारी गेला तेव्हापासून. एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि नाल्याकाठच्या बेहड्याच्या झाडाखाली वाघानं त्याला धरलं. पुढच्या वर्षी तोच पट्टा सफारीला उघडला. गावातल्यांना आत पायी जायला बंदी आली. मोहफुलं वेचायची तरी बंदी, नवऱ्याची जागा पाहायची तरी बंदी. मग ही बाई गाईडच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. पेपरात फोटो आला, 'जिद्दीची कहाणी' म्हणून. पेपरवाल्यांना काय कळते. तिला तिथं जायचं होतं, आणि जायला दुसरा रस्ताच नव्हता.

कारण आमच्याकडे रीत आहे. वाघानं माणूस नेला त्या जागेवरून जाणारानं एक हिरवी डहाळी टाकायची. टाकल्याशिवाय पुढं जायचं नाही. गेलेल्याला वाटू नये की आपल्याला सगळे विसरले. बेहड्याखाली अशी कमरेएवढी रास झाली आहे. आता त्यात भर घालणारी एकटी गिरजाबाई.

गेल्या डिसेंबरात एका पर्यटकानं तिचा डहाळी टाकतानाचा व्हिडिओ काढून वर पाठवला. नोटीस आली: 'वन्यप्राण्यास आमिष दाखविले.' वाघाला पाला! गावाचे अर्ज मीच लिहितो; त्या नोटिशीचं उत्तरही मी लिहून दिलं आणि वनखात्याच्या ऑफिसात जाऊन टेबल वाजवलं. साहेबानं शेवटची ताकीद म्हणून सही घेतली. पुन्हा दिसली तर बिल्ला जमा.

तेव्हापासून डहाळी तिच्या सदऱ्याच्या आत असते. रास रस्त्याच्या डाव्या अंगाला. जिप्सी चालवतो वरोऱ्याचा अयूब. बेहडा आला की तो गाडी हळू करतो आणि उजवीकडे बोट दाखवतो, "सर, उधर देखो, सर्पगरुड." सगळ्या माना उजवीकडे फिरतात. गिरजाबाई डावा हात बाहेर काढते. सर्पगरुड तिथं कधीच नसतो.

"एखादा दिवस खरंच असायचा," मी अयूबला एकदा म्हणालो.

"अरे भाऊ, उस दिन तो मैं बेहोश हो जाऊंगा," तो म्हणाला.

मला हे एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. मे महिन्यात पुण्याचे एक साहेब एकटेच आले, मांडीएवढी लांब लेन्स घेऊन. मला गाडीत घेऊ का म्हणून गिरजाबाईनं त्यांना विचारलं, ते हो म्हणाले, माझं नाव गेटाच्या वहीत चढलं. मी मागच्या सीटवर बसलो.

तास-दीड तास काही नाही. चितळ, मोर, धूळ. मग बेहड्याजवळ अयूबनं गाडी थांबवली. राशीला टेकून वाघीण बसली होती. पर्यटकांनी तिचं नाव चांदणी ठेवलं आहे.

मी पुढं वाकून विचारलं, "हीच का, बाई?"

"मले काय ठावं, भाऊ. तिच्या पाठीवर लिवलं असते का?"

साहेबांचा कॅमेरा टकटक वाजत होता. दहा मिनिटं वाजला. गिरजाबाई समोर पाहत होती, बसमध्ये बसलेली बाई पाहते तशी. मग वाघीण उठली, आळस दिला आणि नाल्यात उतरून गेली.

साहेब स्क्रीन पाहत म्हणाले, "छान मिळाली. पण तो काटक्यांचा ढीग सगळ्या फ्रेममध्ये आलाय. जंगलात कचरा कशाला टाकतात हे लोक?"

अयूबनं बोट उचललं होतं. "सर, उधर..." पण मी तोवर बोलून गेलो होतो. डोकं माझं असंच आहे.

"कचरा नाही तो. हिच्या नवऱ्याला वाघानं तिथं मारलं. डहाळ्या आहेत त्या, आठवणीच्या. तुमच्या पुण्यात फुलं वाहतात ना?"

साहेबांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. "सॉरी, ताई," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर एक फोटो घेऊ? तुम्ही आणि तो ढीग. लोकांना कळलं पाहिजे हे. एक मिनिट उतरता का? कोणी नाहीये."

"उतरता येत नाई, सर."

"बरं, गाडीतूनच. तुम्ही डहाळी टाकता ना, तशी टाका."

लेन्स तिच्या तोंडावर होती. तिचा हात सदऱ्याच्या बटणापाशी गेला होता, तो तिनं खाली घेतला. "गाईडले काई फेकता येत नाई, सर," ती म्हणाली. सकाळी गेटावर म्हणाली होती त्याच आवाजात.

साहेबांनी कॅमेरा खाली केला नाही. ते वाट पाहत राहिले. अयूबनं माझ्याकडे मागं वळून पाहिलं, मग तिच्याकडे.

"चलू द्या, अयूबभाऊ," गिरजाबाई म्हणाली. अयूबनं गाडी काढली. गाईड झाल्यापासून पहिल्यांदा ती तिथून तशीच गेली.

गेटावर साहेबांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, 'अत्यंत शिस्तप्रिय गाईड. नियमांशी तडजोड नाही.' खाली झोकात सही.

ती हापशीवर तोंड धूत होती. मी जवळ गेलो. माफी मागायची सवय मला नाही. म्हणालो, "खोटं तं नाई बोललो मी, बाई."

"नाई. खरंच बोलले तुमी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण तो इकडे पाहाले लागला नं."

"पुढची फेरी कधी?"

"गुरुवारी. गेटावर रस्ता कोणता देते, पाहावं लागन." मग म्हणाली, "याच्यानंतर माह्या गाडीत बसू नका, भाऊ."

मी हो म्हणालो. ऑफिसचा कागद आला की ती अजूनही माझ्याकडेच आणते, मी उत्तर लिहून देतो. गुरुवारी कोणता रस्ता मिळाला ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.