मोठी फाइल आधी, लहान मागून

नववीत मी दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा शाळेनेच हात जोडले. मग निर्मळहून सायकलवर फुलांची टोपली घेऊन वसईला विकायला जायचो. तरी गोखिवऱ्यातल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात मला महिनाभराच्या बोलीवर घेतलं. साहेबांना वाटलं, पोरगा गप्प बसून काम करतो. गप्प होतो, कारण काहीच कळत नव्हतं.

महिना संपत आला तेव्हा साहेब म्हणाले, "लग्नाच्या हॉलवाले शेठ शनिवारी येतायत. त्यांच्या पानावर तारखांचं कॅलेंडर बसव. चाललं तर तू राहिलास. नाहीतर टोपली आहेच."

त्या कॅलेंडरला कोडच्या पाच स्क्रिप्ट फाइली लागायच्या. कुठली आधी लावायची ते विचारलं तर अडाणी ठरेन म्हणून विचारलं नाही. तसा ठरलेलोच होतो. घरी लग्नपत्रिकेत नावं घालतात तशा लावल्या. मोठे आधी, लहान शेवटी. वजनाने मोठी कॅलेंडरची फाइल, ती थोरल्या आजोबांसारखी वर. बाकीच्या जिच्या जिवावर चालतात ती मूळ फाइल एवढीशी, ती खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'वाल्या पोरांत.

शनिवारी शेठ बसले, चहा आला, मी पान उघडलं. कॅलेंडरच्या जागी नुसतं पांढरं. खाली कोपऱ्यात बिघाडाच्या खुणेचा पिवळा त्रिकोण.

"हे काय रे?" शेठ म्हणाले.

"शुभ आहे शेठ. हळदीचा रंग."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

बाजूला आचोळ्याची एक मुलगी बसायची, कॉम्प्युटरच्या डिप्लोमावाली. ती वाकून बघते तर काय!

"दादा, ह्या फाइली कशा लावल्यास?"

"मानाने."

"अरे देवा! ब्राउझर वरून खाली वाचत येतो. कॅलेंडर आल्याआल्या मूळ फाइलीकडे सामान मागतं, आणि ती तू तळाला टाकलीस. पंगत बसली नि आचारी अजून घरी आंघोळ करतोय!"

तिने मूळ फाइल वर नेली, कॅलेंडर शेवटी ढकललं. लगेच सगळा महिना हजर. शेठ खूश, तारखांवर टिचक्या मारत बसले.

ते गेल्यावर साहेब तिला म्हणाले, "आता याचं काय करू?"

"ठेवा सर. माणूस कुठं कुठं चुकू शकतो, ते याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही."

राहिलो. माझं काम ठरलं: नवीन पान झालं की पहिलं मी उघडायचं आणि बिघडवून दाखवायचं. ते कधी कुणाला मला शिकवावं लागलं नाही.