तारेनं बांधलेला सेफ्टी बार

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून बायको-पोरीला घेऊन थीम पार्कला गेलो होतो.

मोठ्या राइडमध्ये बसलो, तर पोरीच्या सीटचा सेफ्टी बार चक्क तारेनं बांधलेला! ऑपरेटरला म्हणालो, "राइड बंद करा."

तो हसला. "काही होत नाही, काका."

मागून रांग ओरडली, "ओ भाऊ, घाबरताय तर उतरा ना! आमचा टाइम जातोय."

उतरलो. त्याच सीटवर लगेच दुसऱ्याची पोरगी बसली. तिच्या बापाला तार दाखवली, तर म्हणतो, "कशाला आगाऊपणा करताय, राव?"

मी चाकणला गाड्यांच्या सीट तपासतो. एक बोल्ट ढिला दिसला तर अख्खी लाइन थांबवतो आणि साहेबसुद्धा गप्प उभे राहतात. त्या सीटवर तर अजून कुणी बसलेलंही नसतं!