थॉर्नवेलांची सून

निधी लंडनच्या पिनर भागात वाढली, हाउन्सलोच्या शाळेत फिजिक्स शिकवायला लागली आणि लग्न केलं ते थेट लॉर्ड थॉर्नवेल यांच्या एकुलत्या एका मुलाशी, हेन्रीशी. तिची आई मीनल हबकलीच. "अगं, एवढ्या बड्या घरात तुझा निभाव लागेल का?"

"त्यांचा माझ्यापुढे लागतो का बघू!" निधी म्हणाली.

सासरे एकेकाळी मंत्री होते. जगातल्या मुलींना शिकायला मिळावं, यावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कळकळीनं बोलत. सुनेशीही अदबीनं वागत. पण नात सारा जन्मली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळंतपणात निधी मरणाच्या दारातून परतली होती. पुन्हा धोका पत्करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तरी साराच्या पहिल्या वाढदिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना, सासरे म्हणाले, "आता एक मुलगा हवा. नाहीतर हेन्रीनंतर लॉर्डचा किताब आणि हे घर माझ्या पुतण्याकडे जाणार. मुलीला मिळत नाही, तसा नियमच आहे."

हेन्री खाली मान घालून बसला. निधीनं काटा खाली ठेवला.

"मुलींसाठी जगभर बोलता. याही नियमावर बोला ना एकदा."

"नियम मी केलेला नाही."

"पण पाळताय तुम्हीच. मला दुसरं मूल नको. आणि माझी मुलगी इथे कुणाला कमी वाटत असेल, तर आम्ही निघतो."

निघालेही. वाटेत हेन्री म्हणाला, "हे मी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. उगाच समजूत काढली नाही.

पुढे म्हातारा अधूनमधून हाउन्सलोला यायचा, साराला बागेत न्यायचा. माफी त्यानं कधी मागितली नाही, सभागृहातही त्या नियमाबद्दल चकार शब्द काढला नाही. सारा सहा वर्षांची असताना तो गेला.

चर्चच्या दारात शवपेटीमागे पहिला मान नव्या लॉर्डचा, म्हणजे हेन्रीचा, आणि त्याच्या बरोबरीनं पुढच्या वारसाचा, म्हणजे पुतण्याचा. पुतण्या पुढे सरसावला. निधी त्याच्या आडवी उभी राहिली.

"पद्धत आहे तशी," तो कुजबुजला.

"माहीत आहे मला. उद्या घर घ्या, किताब घ्या. ही जागा नाही मिळणार."

सारानं आईचा कोट ओढला. "आई, आपण पुढे जायचं का?"

"हो, बाळा. तुझे आजोबा आहेत ते."

या वेळी हेन्रीनं मान खाली घातली नाही. त्यानं साराचा हात धरला आणि तिला घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागला.